बाबांच्या प्रोस्टेट बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत आपण काय करायचं

प्रोस्टेटची बायोप्सी (कॅन्सर आहे का बघायला या ग्रंथीतून सुईने काढलेले छोटे तुकडे तपासणं) होऊन बाबा घरी आले की सगळ्यांना वाटतं चला, एक मोठं काम उरकलं, आता रिपोर्टची वाट बघायची बस. पण हे वाट बघायचे दिवसच जास्त अंगावर येतात, कारण करण्यासारखं वरवर काही दिसत नाही आणि डोकं मात्र रात्रंदिवस चालू राहतं, त्यांचंही आणि आपलंही. माझ्या बाबांच्या वेळी हे मी जवळून बघितलंय, आत्ता ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: रिपोर्ट बाबांचा आहे. आपला जीव कितीही वरखाली होत असला तरी शरीर त्यांचं, बातमी त्यांची, आणि ती कोणाला कधी सांगायची हेही त्यांनीच ठरवायचं.

आधी शरीराचं बघू, कारण पहिल्या काही दिवसांत खरी भीती रिपोर्टची नसते, इन्फेक्शनची असते, आणि तिथे घरातलं माणूस खरोखर उपयोगी पडतं. ही बायोप्सी दोन मार्गांनी करतात. एक म्हणजे गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब आत घालून तिथूनच सुई प्रोस्टेटमध्ये नेतात, आणि दुसरा म्हणजे वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून. पहिल्या प्रकारात सुई आतड्याच्या भिंतीतून जाते, तिथे जंतू असतातच, त्यामुळे इन्फेक्शनचा धोका त्यात जास्त. दुसऱ्यात बराच कमी असतो पण नसतोच असं नाही. बाबांची कुठल्या मार्गाने झाली हे तुम्हाला माहीत असू द्या.

घरात चालणारा थर्मामीटर आहे का ते आजच बघून ठेवा. ताप ३८ सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर गेला, किंवा हुडहुडी भरून अंग थरथरायला लागलं, तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असतील तरी हॉस्पिटलला फोन करा आणि निघा, आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "यांची प्रोस्टेटची बायोप्सी झालीये, अमुक दिवशी" हेच सांगा, कारण हे इन्फेक्शन रक्तात पसरू शकतं आणि मग तास मोजावे लागतात. बाबा म्हणतील "काही नाही रे, थोडी कणकण आहे, झोपलो की बरं वाटेल." इथे मात्र त्यांचं ऐकायचं नाही. त्यांच्या हातात सगळं राहू द्या असं मी वर म्हणालो, त्याला हा एकच अपवाद. लघवी लागलीये पण होतच नाही, लघवीत रक्ताच्या गाठी पडतायत, किंवा संडासच्या जागेतून रक्त थांबतच नाही, तरीही हेच करायचं, लगेच निघायचं.

आता जे नॉर्मल आहे ते. लघवी गुलाबी किंवा फिकट लाल दिसणं काही दिवस चालतं, कधीकधी दोन आठवडेपण, मधेच एकदम साफ होते आणि परत एक दिवस लाल येते, म्हणून घाबरू नका. संडासला थोडं रक्त दोन-चार दिवस दिसू शकतं. आणि वीर्यात रक्त येतं, आधी लाल मग तपकिरी, हे तर कित्येक आठवडे चालू राहू शकतं. हे शेवटचं कोणी मुलांना सांगत नाही आणि बाबा आपल्याला विचारणार नाहीत, ते एकटेच बघतील आणि एकटेच घाबरतील, की हे कॅन्सरमुळेच होतंय म्हणून. हे तोंडावर बोलायला तुम्हाला जड जात असेल तर हॉस्पिटलने दिलेल्या माहितीच्या कागदावर त्या ओळीला पेनाने खूण करून कागद त्यांच्या उशाशी ठेवा. काही दिवस किंवा काही आठवडे ताठरता कमी वाटू शकते, तीही बहुतेकांची परत येते. त्यामुळे बाबा उगाच चिडचिडे झालेत असं वाटलं तर त्यामागे हेही असू शकतं एवढं मनात ठेवा, विचारायला जाऊ नका.

बाकी लघवीचं सरळ विचारलेलं चालतं. माझे बाबा एकदा बाथरूममधून आले आणि खुर्चीत बसून राहिले, टीव्ही चालू पण नजर भलतीकडेच. मी विचारलं, "बाबा, रंग कसा होता, गुलाबी का गडद?" इतकं साधं विचारल्यावर त्यांना जरा सुटल्यासारखं झालं, म्हणाले "सकाळी गुलाबी होता, आत्ता जरा लाल वाटला." मग आम्ही तो डिस्चार्जचा कागद काढला, दोघांनी मिळून वाचला, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाण्याची बाटली जवळ ओढली. बोलणं तेवढंच झालं पण त्या दिवसानंतर ते आपणहून सांगायला लागले.

पाणी भरपूर प्यायला द्या (हार्ट किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांना विचारूनच). अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण होतोय ना बघा, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे बाबा सगळ्या घरांत असतात. जड उचलणं, सायकल चालवणं काही दिवस बंद, आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका कारण कुंथलं की रक्त परत सुरू होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्त पातळ करायच्या गोळ्या. बायोप्सीच्या आधी त्या बंद केल्या असतील तर परत नेमक्या कधी सुरू करायच्या हे डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या, कारण ज्यांना स्टेंट आहे किंवा हार्टचा त्रास आहे त्यांची ती गोळी विसरून बंदच राहिली तर दुसरंच संकट उभं राहील.

आता तो प्रश्न जो रोज सकाळी घरात घुमतो: एवढे दिवस का लागतात? हे नीट समजून घ्या आणि बाबांनाही समजावून सांगा, खूप फरक पडतो. साधारण १२ तुकडे काढतात, एमआरआयमध्ये संशयास्पद जागा दिसली असेल तर तिथून आणखी दोन-चार. प्रत्येक तुकडा दीडेक सेंटीमीटर लांब आणि अगदी बारीक, आणि कुठला कुठल्या भागातून काढला हे लिहून ठेवतात. ते तुकडे फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवतात, मग त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात, रंगवतात, आणि मग पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली एकेक काच बघतो. एखाद्या जागी पेशी बघून खात्री होत नसेल तर त्याच तुकड्यावर वेगळे स्पेशल रंग लावून बघतात, कधी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टलाही दाखवतात, आणि त्यात आणखी काही दिवस जातात. म्हणजे रिपोर्ट लांबला म्हणून तो वाईटच असणार असं काही नाही, आणि लवकर आला म्हणून चांगला असंही नाही, दिवसांवरून काहीच ओळखता येत नाही. तरी सांगितलेली तारीख उलटून गेली तर गप्प बसू नका, फोन करा, रिपोर्ट तयार होऊन कुठेतरी पडून राहिलाय असंही होतं. कोणाला, कुठल्या नंबरवर आणि कधी फोन करायचा हे आधीच विचारून ठेवलं असेल तर रोज उठून अंदाज बांधत बसावं लागत नाही.

बोलायचं काय हा सगळ्यात अवघड भाग. "काही होणार नाही हो बाबा, उगाच टेन्शन घेताय" हे आपण सगळेच म्हणतो, प्रेमानेच म्हणतो, पण त्याने होतं काय तर त्यांनी तोंड उघडायच्या आतच विषय बंद होतो. त्यांना कळतं की तुम्हाला हे ऐकायचं नाहीये, मग ते तुम्हाला जपायला लागतात, म्हणजे आजारी त्यांनी असायचं आणि धीरही त्यांनीच द्यायचा. त्यापेक्षा "मलापण धाकधूक होतेय, तुम्हाला काय वाटतंय?" एवढं म्हणा आणि मग गप्प राहा. गप्प राहणं जमलं पाहिजे. त्यांनी "काही नाही" म्हटलं तर तेही मान्य करा, परत संध्याकाळी खणत बसू नका. समोरासमोर बसवून "आपण बोलूया" असं केलं की बऱ्याच वडिलांची जीभ आखडते, तेच गाडीत शेजारी बसलेले असताना, फिरायला निघालेले असताना, काहीतरी दुरुस्त करताना हातात पाना-स्क्रू असले की शब्द आपोआप येतात.

माझ्या बाबांनी त्या दिवसांत कपाटातले सगळे कागद खाली काढले, बँकेचे, इन्शुरन्सचे, घराचे, आणि एकेक फाईल लावत बसले, प्रत्येक फाईलवर मोठ्या अक्षरात नाव. ते कशासाठी चाललंय ते घरात सगळ्यांना कळत होतं. अशा वेळी आपल्या तोंडून पटकन निघतं "आत्ता हे कशाला काढलंत, असलं काही मनात आणू नका." नका म्हणू. शेजारी जाऊन बसा, विचारा हे कुठे ठेवू, नॉमिनी कोण आहे यात, आणि लिहून घ्या. ज्या माणसाच्या हातात सध्या काहीच नाही त्याला निदान एक गोष्ट आपल्या मनासारखी लावता येतेय, ती लावू द्या. उलटही असतं, काहींना या विषयाचं नावपण नको असतं, त्यांना मॅच बघायची असते आणि नातवाशी खेळायचं असतं, तेही अगदी बरोबर आहे, त्यांना धरून आणून कागद लावायला बसवू नका.

रिपोर्ट कसा ऐकायचा हे तो यायच्या आधी ठरवा. हे मी कळकळीने सांगतोय. आजकाल बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांची भेट व्हायच्या आधीच रिपोर्ट मोबाईलवर येऊन पडतो, आणि मग रात्री अकरा वाजता कोणीतरी एकटाच तो उघडून बसतो. बाबांना शांतपणे विचारा: मोबाईलवर आला तर उघडायचा का डॉक्टरांसमोरच बघायचा? उघडायचा तर कोण उघडणार? तुमच्याबरोबर आत कोणी यायचं, मी का आई का दोघं? बाकीच्यांना कोणी आणि कधी सांगायचं? त्यांनी जे सांगितलं ते पाळा. आणि घरातलं कोणीतरी नक्की म्हणेल की रिपोर्ट वाईट आला तर बाबांना सांगायचं नाही, डॉक्टरांना आधी बाहेर गाठून सांगून ठेवू. तसं करू नका. त्यांना चेहऱ्यांवरून कळतंच, आणि मग ते सगळ्यांसमोर नाटक करत एकटे पडतात, शिवाय पुढचे उपचार त्यांच्या मर्जीशिवाय कसे ठरवणार? त्यांनी स्वतःहून म्हटलं की "मला सगळं डिटेलमध्ये नको, तूच बघ" तर गोष्ट वेगळी, तो त्यांचा निर्णय झाला.

नातेवाईकांचे फोन हे एक वेगळंच प्रकरण. ज्याला त्याला ओळखीतला कोणीतरी आठवतो, आणि तो किस्सा नेमका बाबांनाच ऐकवायचा असतो. बाबांना विचारून एक छोटा मेसेज तयार करा, "तब्येत ठीक आहे, रिपोर्ट आला की आम्हीच कळवू, तोवर विषय नको", आणि तो सगळ्यांना एकाच दिवशी पाठवून टाका. किती लोकांना सांगायचंय हेही त्यांनाच विचारा, काहींना बायोप्सी झाली हेच कोणाला कळू द्यायचं नसतं.

गूगलवर बाबा बघणारच, तुम्हीही बघणार, म्हणून तीन-चार गोष्टी आधीच नीट माहीत असू द्या. पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजतात ते प्रथिन) वाढला म्हणजे कॅन्सर असं नाही. वयानुसार प्रोस्टेट मोठी होते तेव्हा, तिला सूज आली तेव्हा, लघवीचं इन्फेक्शन झालं तेव्हाही तो वाढतो. पीएसए ४ ते १० च्या मधे असणाऱ्यांची बायोप्सी केली तर साधारण चारातल्या एकाला कॅन्सर निघतो, १० च्या वर असेल तर शक्यता निम्म्याच्या पुढे जाते. एमआरआयच्या रिपोर्टवर पायरॅड्स १ ते ५ असा आकडा असतो, जितका मोठा तितका संशय जास्त, पण तो संशयाचाच आकडा आहे, निदान बायोप्सीवरूनच होतं. आणि बायोप्सी झाल्या झाल्या कोणी हौसेने परत पीएसए करायला निघालं तर थांबवा, सुया टोचल्यामुळे तो काही आठवडे वाढलेलाच येतो आणि उगाच सगळ्यांची झोप उडते.

मग ग्लीसन स्कोअर. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात ही पद्धत काढली, पेशींची रचना किती बिघडलीये त्यावरून दोन आकडे देतात आणि त्यांची बेरीज म्हणजे स्कोअर. आता घोळ असा आहे की रिपोर्टमध्ये "ग्लीसन ६" दिसलं की माणसाला वाटतं दहापैकी सहा, म्हणजे निम्म्याहून पुढे गेला! तसं नाहीये, बायोप्सीत कॅन्सर सापडला तर हा स्कोअर सहसा ६ पासूनच सुरू होतो, म्हणजे ६ हा सगळ्यात खालचा. याच गोंधळामुळे आता १ ते ५ असे ग्रेड ग्रुपही लिहितात: ३+३ म्हणजे ग्रुप १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३ (बेरीज दोन्हीची ७ च, पण ज्यात ४ आधी आहे तो जास्त जोरकस), ८ म्हणजे ४, आणि ९-१० म्हणजे ५. आणि हा आकडा पेशी कशा दिसतात ते सांगतो, कॅन्सर किती पसरलाय ते नाही. स्टेज वेगळी असते.

हेही माहीत असू द्या की प्रोस्टेट कॅन्सर निघाला म्हणजे उद्याच ऑपरेशन असं बहुतेक वेळा नसतं. कमी धोक्याचा असेल तर कित्येकदा उपचार न करता ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरज पडली तर परत बायोप्सी करत लक्ष ठेवतात, त्याला अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणतात. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची मोठी ट्रायल झाली, कॅन्सर प्रोस्टेटपुरताच असलेले १,६४३ पुरुष, काहींवर नुसतं लक्ष ठेवलं, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, आणि २०२३ मध्ये १५ वर्षांचे निकाल आले तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होतं. लक्ष ठेवलेल्यांमध्ये आजार पुढे सरकायचं प्रमाण जास्त होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर उपचार घेतलेही, तरी विचार करायला वेळ मिळतो हे खरं. हे बाबांना कधी सांगायचं? ते विचारतील तेव्हा. रिपोर्ट यायच्या आधीच आपण आकडे ऐकवायला लागलो तर त्यांना वाटेल याला काहीतरी कळलंय. आणि सगळेच कॅन्सर असे हळू चालणारे नसतात, काही जोरात असतात, म्हणून "हा तर काही कॅन्सरच नव्हे" असंही बोलू नका.

आईकडेही बघा. ती रात्री जागी असते, बाबा कूस बदलतात ते तिलाच कळतं, आणि तिला कोणी विचारत नाही. तिला वेगळं गाठून नुसतं विचारा "तू झोपलीस का काल?" भावंडं असतील तर कामं वाटून घ्या, एकाने फोन आणि अपॉइंटमेंट, एकाने गोळ्या आणि फाईल, आणि लांब राहणाऱ्याने रोज बाबांना फोन करायचा पण रिपोर्टचा विषय सोडून.

डॉक्टरांकडे जायच्या आधी एक वही करा आणि बाबांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत त्यात लिहा, तुमचे नंतर. विचारायला हवंच असं: किती तुकड्यांपैकी किती तुकड्यांत सापडला आणि प्रत्येकात किती टक्के, ग्रेड ग्रुप कुठला, आणखी स्कॅन लागणार का, ठरवायला आमच्याकडे किती वेळ आहे, लक्ष ठेवणं हा पर्याय यांना चालेल का, ऑपरेशन आणि रेडिएशनने लघवीवर ताबा आणि ताठरता यांवर काय परिणाम होईल, सेकंड ओपिनियनसाठी त्याच काचा दुसरीकडे दाखवता येतील का. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली तर तुम्ही बाबांकडे बघा, डॉक्टरही वळतात. वाईट बातमी कानावर पडली की पुढची दहा मिनिटं माणसाला काही ऐकू येत नाही, म्हणून लिहून घ्यायचं काम तुमचं, किंवा परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही आला तर आनंद करा पण फाईल बंद करू नका. बायोप्सीत सगळी ग्रंथी बघितली जात नाही, एखादी जागा हुकू शकते, म्हणून पुढचा पीएसए कधी करायचा ती तारीख घेऊनच बाहेर पडा. कधीकधी मधलंच काहीतरी येतं, पेशी संशयास्पद आहेत पण कॅन्सर म्हणता येत नाही, असिनार प्रोलिफरेशन वगैरे शब्द असतात, मग परत एमआरआय किंवा परत बायोप्सी लागू शकते, आणि हे माणसाला सगळ्यात जास्त खचवतं कारण वाट बघणं परत पहिल्यापासून सुरू. त्याची शक्यता आधी कानावर घालून ठेवलेली बरी.

आणि कॅन्सर निघालाच तर त्या गडबडीत एक काम स्वतःसाठी करा, तेही काही दिवसांनी. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेट कॅन्सर असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो, म्हणून मुलांनी ४० ते ४५ च्या वयात आपल्या डॉक्टरांना हे सांगून पीएसएबद्दल विचारून घ्यावं. घराण्यात स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सरही झालेला असेल, किंवा बाबांचा जोरकस प्रकारचा निघाला असेल, तर बीआरसीए जीनमधल्या बिघाडाच्या (त्याने या कॅन्सरचा धोका वाढतो) टेस्टबद्दल विचारा, आणि तिथे मुलींनीही मागे राहू नका, तो बिघाड बाबांकडून मुलीकडेही येऊ शकतो.